मॅपिंग बाहेर काढलं, पण ते वाचायचं कसं?

जावाच्या एखाद्या प्रोग्राममध्ये 'ग्राहक' नावाचा क्लास असतो. त्यात नाव, पत्ता, पिनकोड अशी साधी फील्ड. हाच ग्राहक दुसऱ्या संस्थेच्या यंत्रणेकडे पाठवायचा झाला की त्याला एक्सएमएलचं रूप द्यावं लागतं, आणि तिथे बहुधा काहीच जुळत नाही. आपल्याकडे नाव थेट ग्राहकात आहे, त्यांच्याकडे ते दोन टॅगांच्या आत दडलेलं. आपला पिनकोड स्वतंत्र फील्ड, त्यांचा पत्त्याच्या टॅगवरचा अ‍ॅट्रिब्यूट. कुठलं फील्ड कुठल्या टॅगमध्ये जाणार, हे कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. या लिहून ठेवलेल्या माहितीलाच मॅपिंग मेटाडेटा म्हणतात. तो लिहिण्याच्या पद्धतींवर पुष्कळ चर्चा होते. तो कुठे ठेवायचा, चालू प्रोग्रामने तो केव्हा आणि कुठून उचलायचा, याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. प्रत्यक्षात प्रकल्प अडतात ते बहुतेक वेळा इथेच.

आज सर्रास वापरली जाणारी पद्धत अ‍ॅनोटेशनची. क्लासच्या सोर्समध्येच फील्डच्या डोक्यावर एक ओळ लिहायची: हे फील्ड अमुक नावाच्या टॅगमध्ये जाईल. डोळ्यांसमोर असतं, वेगळी फाईल शोधावी लागत नाही, फील्डचं नाव बदललं तरी अ‍ॅनोटेशन त्याला चिकटून राहतं. लग्नात आलेल्या स्टीलच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं, तसा हा प्रकार. भांडं आपल्याच घरी राहणार असेल तोवर उत्तम.

हे कोरीवकाम जावात उशिरा आलं. एक्सएमएल १.० ही शिफारस डब्ल्यू-थ्री-सीने फेब्रुवारी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. जावात अ‍ॅनोटेशनची सोय आली २००४ साली, पाचव्या आवृत्तीत. मधल्या काळात मॅपिंग बाहेर लिहिण्यावाचून फारसा पर्याय नव्हता. कॅस्टर आणि पुढे जिबिक्स या लायब्रऱ्या अशाच मॅपिंग फायलींवर चालत. डेटाबेसच्या बाजूला हायबरनेटचीही तीच तऱ्हा. मोठ्या प्रकल्पांत या फायली इतक्या वाढल्या की प्रोग्रामर त्यांना वैतागले. अ‍ॅनोटेशनचं स्वागत इतक्या उत्साहाने झालं त्यामागे हा वैताग होता.

आणि त्या उत्साहात एक गोष्ट निसटली. २००६ साली जावा ईई ५ बरोबर दोन मानकं आली. ऑब्जेक्ट आणि डेटाबेस यांची सांगड घालणारं जेपीए, आणि ऑब्जेक्ट आणि एक्सएमएल यांची सांगड घालणारं जॅक्सबी २.०. दोघांनीही अ‍ॅनोटेशन स्वीकारली. पण जेपीएने 'ओआरएम डॉट एक्सएमएल' ही बाहेरची फाईलही मानकातच ठेवली. अ‍ॅनोटेशन नको असतील किंवा बदलायची असतील तर तिथे लिहा. जॅक्सबीने चालू प्रोग्रामसाठी तशी फाईल दिलीच नाही. स्कीमावरून क्लास तयार करताना वापरायच्या बाइंडिंग फायली त्यात होत्या, पण त्यांचं काम क्लास तयार झाले की संपतं. एक्सएमएलशीच संबंधित मानकाला मॅपिंग एक्सएमएलमध्ये लिहिण्याची सोय करावीशी वाटली नाही, हे मला आजही चमत्कारिक वाटतं.

ही उणीव ज्यांनी भरून काढली त्यांत इक्लिप्सलिंकच्या मॉक्सी या भागाचं काम सर्वांत नीटनेटकं आहे. मॉक्सीचं घराणं जुनं. कॅनडातल्या ओटावा शहरात द ऑब्जेक्ट पीपल नावाची कंपनी होती. तिचं टॉपलिंक हे उत्पादन आधी स्मॉलटॉक भाषेसाठी आणि मग जावासाठी होतं. ते वेबगेन या कंपनीकडे गेलं, २००२ मध्ये ओरॅकलकडे आलं, आणि ओरॅकलने २००७ मध्ये ते इक्लिप्स फाउंडेशनला देऊ केलं. त्यातून इक्लिप्सलिंक उभं राहिलं. मॅपिंग बाहेर ठेवण्याची सवय या घराण्यात पहिल्यापासूनची, त्यामुळे मॉक्सीने जॅक्सबीची अ‍ॅनोटेशन जशीच्या तशी चालवलीच, शिवाय त्या प्रत्येकाला बाहेरच्या फाईलमध्ये लिहिण्याजोगा पर्यायही दिला.

ही फाईल दिसायला साधी असते. वर पॅकेजचं नाव, आत क्लासांची यादी, प्रत्येक क्लासखाली त्याची फील्ड, आणि प्रत्येक फील्ड टॅग होणार, अ‍ॅट्रिब्यूट होणार की वगळलं जाणार याची नोंद. जॅक्सबीत नसलेल्याही काही सोयी त्यात आहेत. त्यांतली सर्वांत मोलाची म्हणजे पाथ. एखादं फील्ड तीन-चार टॅग खोल बसवायचं असेल तर साध्या जॅक्सबीत मधल्या प्रत्येक पायरीसाठी एक पोकळ क्लास लिहावा लागतो. मॉक्सीत थेट एक्सपाथच्या धाटणीचा रस्ता लिहिला की झालं.

याचा उपयोग कुठे होतो ते एका खऱ्या संदेशावरून पाहू. रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस यंत्रणा ऑक्टोबर २०१३ पासून आयएसओ २००२२ या मानकाच्या एक्सएमएल संदेशांवर चालते. ग्राहकाचे पैसे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत नेणाऱ्या संदेशाला या मानकात 'पॅक्स ००८' म्हणतात. त्यातली टॅगांची नावं इंग्रजी शब्दांतली काही अक्षरं, बहुधा स्वर, गाळून केलेली: पैसे देणाऱ्यासाठी 'डीबीटीआर', घेणाऱ्यासाठी 'सीडीटीआर', त्यांच्या आत नावासाठी 'एनएम'. रक्कम टॅगमध्ये असते आणि चलन त्या टॅगच्या 'सीसीवाय' या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये. यूपीआयचे संदेशही एक्सएमएलच आहेत, पण त्यांची ठेवण निराळी. तिथे 'पेयर' आणि 'पेयी' आहेत. आता समजा, एखाद्या बँकेच्या प्रोग्राममध्ये 'व्यवहार' असा एकच क्लास आहे. तो या दोन्ही रूपांत जायला हवा. अ‍ॅनोटेशन लिहायचं तर कोणत्या रूपाचं? एका फील्डवर एकच नाव कोरता येतं. बाहेरच्या फायली असल्या तर व्यवहाराचा क्लास एकच राहतो, मॅपिंग दोन होतात, आणि दोन्ही एकाच प्रोग्राममध्ये शेजारीशेजारी नांदतात.

मॅपिंग बाहेर ठेवण्याचं दुसरं कारण त्याहून रोखठोक आहे. क्लास आपला नसतो. दुसऱ्या कंपनीच्या लायब्ररीतून तो तयार बांधलेला येतो, सोर्स हातात नसतो, मग अ‍ॅनोटेशन चिकटवणार कुठे?

तिसरं कारण लोकांच्या लक्षात आलं ते जावाचं घर बदललं तेव्हा. जॅक्सबी २००६ पासून जावाबरोबरच मिळत असे. २०१८ साली जावा ११ मधून ते काढून टाकण्यात आलं. त्याच सुमारास जावा ईईचं नामांतर जकार्ता ईई झालं आणि पुढे पॅकेजच्या नावांत 'जावाएक्स'च्या जागी 'जकार्ता' आलं. ज्यांनी शेकडो क्लासांवर अ‍ॅनोटेशन लावली होती, त्यांना त्या प्रत्येक क्लासच्या माथ्यावरच्या इम्पोर्टच्या ओळी बदलाव्या लागल्या. ज्यांचं मॅपिंग बाहेर होतं, त्यांच्या क्लासांना जॅक्सबी नावाची काही वस्तू जगात आहे हेच ठाऊक नव्हतं. त्यांना हात लावावा लागला नाही.

एवढे फायदे ऐकल्यावर मॅपिंग बाहेर काढावंसं वाटणारच. पण बाहेर काढलेलं मॅपिंग आपोआप कोणी वाचत नाही, आणि वाचण्याच्या रस्त्यावर खड्डे आहेत.

पहिला प्रश्न: वाचणार कोण? जॅक्सबी हे मानक आहे, त्याच्या अंमलबजावण्या अनेक. वर सांगितलेल्या मॅपिंग फाईलची भाषा कळते ती फक्त मॉक्सीला. त्यामुळे आधी प्रोग्रामला सांगावं लागतं की जॅक्सबीचा कॉन्टेक्स्ट, म्हणजे सगळं मॅपिंग सांभाळणारा ऑब्जेक्ट, मॉक्सीकडून बनवून घे. जुन्या आवृत्त्यांत त्यासाठी 'जॅक्सबी डॉट प्रॉपर्टीज' नावाची एका ओळीची फाईल क्लासांच्या पॅकेजमध्ये ठेवतात. नव्या जकार्ता आवृत्त्यांत ही निवड जावाच्या सर्व्हिस लोडरच्या यंत्रणेतून होते. ही निवड राहून गेली तर कॉन्टेक्स्ट दुसरीच अंमलबजावणी बनवायला घेते, तिला मेटाडेटाची प्रॉपर्टी ओळखू येत नाही, आणि ही प्रॉपर्टी चालत नाही अशी तक्रार करून ती थांबते. हा संदेश दिसला की माणसं मॅपिंग फाईलमध्ये चूक शोधत बसतात. फाईल बिचारी कोणी उघडलेलीच नसते.

निवड झाली की फाईल हवाली करायची. कॉन्टेक्स्ट बनवताना प्रॉपर्टींचा एक मॅप द्यावा लागतो. त्यात 'मेटाडेटा सोर्स' या चावीखाली आपला स्रोत ठेवायचा. मॉक्सी इथे उदार आहे. फाईल द्या, यूआरएल द्या, इनपुट स्ट्रीम द्या, रीडर द्या, डॉमचा नोड द्या, नुसता पत्ता असलेली स्ट्रिंग द्या, सगळं चालतं. एकापेक्षा जास्त पॅकेजं असतील तर यादी देता येते, किंवा पॅकेजच्या नावागणिक स्रोत सांगणारा मॅप. अशा उदारपणात एक धोका असतो. हे सगळे प्रकार सारखेच आहेत असा समज होतो, आणि ते सारखे नाहीत.

डिस्कवरच्या फाईलचा पत्ता दिला तर विकसकाच्या यंत्रावर सुरळीत चालतं. तोच प्रोग्राम जारमध्ये बांधून सर्व्हरवर ठेवला की त्या पत्त्यावर काहीच नसतं. म्हणून प्रोग्रामबरोबर जाणारं मॅपिंग क्लासपाथवरून रिसोर्स म्हणून वाचावं. त्यातही मेवन वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: मॅपिंग फाईल जावाच्या सोर्सशेजारी ठेवली तर मेवन ती जारमध्ये घालत नाही. ती 'रिसोर्सेस' या फोल्डरातच हवी. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की फाईल सापडत नाही म्हटलं की आधी जार उघडून आत डोकवावं. निम्मं निदान तिथेच होतं.

इनपुट स्ट्रीम एकदाच वाचता येतो. एका कॉन्टेक्स्टसाठी दिलेला स्ट्रीम दुसऱ्यासाठी पुन्हा पुढे केला तर तो संपलेला असतो. चाचणी लिहिताना सोयीसाठी स्ट्रीम एका स्थिर व्हेरिएबलमध्ये ठेवला की पहिली चाचणी पास होते, दुसरी पडते, आणि चाचण्यांचा क्रम बदलला की पडणारी चाचणीही बदलते.

रीडर आणि इनपुट स्ट्रीम यांतला फरक मराठी प्रोग्रामरने खास समजून घ्यावा. एक्सएमएलच्या टॅगांची नावं देवनागरीत असू शकतात. १९९८ च्या मूळ शिफारशीतच देवनागरी अक्षरांना आणि मात्रांना जागा होती. जावाही फील्डची नावं देवनागरीत चालवून घेते. म्हणजे

<ग्राहक><नाव>शांता</नाव><पत्ता पिनकोड="४११०३०"/></ग्राहक>

हा पूर्णपणे वैध दस्तऐवज आहे आणि इंग्रजी नावांच्या क्लासला तो बाहेरच्या मॅपिंगने जोडता येतो. मात्र मॅपिंग फाईल कशी वाचली जाते यावर सगळं अवलंबून. इनपुट स्ट्रीम दिला तर पार्सरला कच्चे बाइट मिळतात आणि फाईलच्या पहिल्या ओळीतली एन्कोडिंगची घोषणा पाहून तो अक्षरं ठरवतो. रीडर दिला तर बाइटांची अक्षरं आधीच झालेली असतात आणि पहिल्या ओळीतल्या घोषणेला काही अर्थ उरत नाही. जावा १८ येईपर्यंत, म्हणजे मार्च २०२२ पर्यंत, रीडरला एन्कोडिंग स्पष्ट सांगितलं नाही तर तो त्या त्या यंत्राचं डिफॉल्ट घेई. लिनक्सवर ते बहुधा यूटीएफ-८, विंडोजवर बहुधा नाही. एकच फाईल एका यंत्रावर 'नाव' वाचते आणि दुसऱ्यावर चिन्हांचा चिवडा. तेव्हा रीडर देऊच नये, स्ट्रीम द्यावा.

देवनागरीची आणखी एक खोच आहे. 'देणाऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कळफलक नुक्ता असलेला 'ऱ' वापरतात, काही साधा 'र', हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. एक्सएमएल मात्र नावांची तुलना कोडपॉइंटवार करतं, दिसण्यावरून नाही. दस्तऐवजात एक तऱ्हा आणि मॅपिंगमध्ये दुसरी असली तर दोन टॅग वेगळे ठरतात, आणि छापील कागदावर कितीही वेळ न्याहाळलं तरी चूक सापडत नाही.

ही चूक सापडत का नाही, याचं दुसरंही एक कारण आहे, आणि बाहेरच्या मॅपिंगचा सर्वांत मोठा दोष मला तोच वाटतो. जॅक्सबी २ चा स्वभाव सहनशील आहे. दस्तऐवजात अनोळखी टॅग आला तर तो दुर्लक्ष करून पुढे जातो. मॅपिंग फाईलमध्ये क्लासात नसलेल्या फील्डचं नाव असलं तर मॉक्सी लॉगमध्ये एक इशारा नोंदवतो आणि काम चालू ठेवतो. एखाद्याने एडिटरमध्ये फील्डचं नाव बदललं, सोर्स सगळीकडे सुधारला, पण मॅपिंग फाईलमधली ती स्ट्रिंग तशीच राहिली, तर कंपायलर काहीही बोलत नाही. प्रोग्राम चालतो, संदेश जातो, फक्त त्यात हवा तो टॅग नसतो. अ‍ॅनोटेशनच्या बाबतीत ही चूक होऊच शकत नव्हती. म्हणजे मॅपिंग बाहेर नेलं की कंपायलरची राखण जाते, आणि ती जागा आपल्यालाच भरून काढावी लागते.

ती भरायची कशी? मॅपिंग फाईलच्या रचनेची स्कीमा इक्लिप्सलिंक देतं. फाईल तिच्याशी ताडून घेता येते. पण त्याने फक्त व्याकरण तपासलं जातं, फील्ड खरोखर आहे की नाही ते कळत नाही. भरवशाची परीक्षा एकच: सगळी फील्ड भरलेला एक ऑब्जेक्ट घ्यायचा, त्याचं एक्सएमएल करायचं, ते परत वाचून नवा ऑब्जेक्ट करायचा, आणि दोघांची तुलना करायची. शिवाय समोरच्या संस्थेने दिलेल्या नमुना संदेशाशी टॅग ताडून पाहायचे, कारण दोन्ही दिशांना सारखीच चूक असली तर पहिली परीक्षा फसते. अनमार्शलरला, म्हणजे एक्सएमएल वाचून ऑब्जेक्ट करणाऱ्या भागाला, कडक इव्हेंट हँडलर लावला तर अनोळखी टॅगवर तो थांबतो; चाचणीत तसा लावावा. चालू यंत्रणेत लावायचा की नाही हे समोरची संस्था न सांगता टॅग वाढवते का, यावर ठरवावं.

फाईल आणि अ‍ॅनोटेशन दोन्ही असतील तर मॉक्सी फाईलचं ऐकतो, पण फाईलमध्ये न लिहिलेल्या फील्डसाठी अ‍ॅनोटेशन लागूच राहतात. मॅपिंग संपूर्ण आहे, अ‍ॅनोटेशनकडे पाहू नकोस, असं सांगणारा एक अ‍ॅट्रिब्यूट फाईलमध्ये लिहिता येतो. दोन रूपं चालवताना तो जरूर लिहावा, नाहीतर एका रूपाचे टॅग दुसऱ्यात झिरपतात.

फाईल केव्हा वाचायची, याचं उत्तर लहान आहे: प्रोग्राम सुरू होताना, एकदा. कॉन्टेक्स्ट बनवणं हे खर्चिक काम; त्यात फाईल वाचणं, क्लास तपासणं, मॅपिंगची अंतर्गत रचना उभी करणं सगळं येतं. तयार कॉन्टेक्स्ट अनेक थ्रेड एकाच वेळी वापरू शकतात. ऑब्जेक्टचं एक्सएमएल करणारा मार्शलर आणि उलट काम करणारा अनमार्शलर मात्र तसे वापरायचे नसतात, ते स्वस्त आहेत, दर वेळी नवे घ्यावेत. बरेच जण हे नेमकं उलटं करतात: मार्शलर जपून ठेवतात आणि कॉन्टेक्स्ट प्रत्येक विनंतीला नवा बनवतात. यंत्रणा संथ झाल्यावर मग दोष एक्सएमएलला दिला जातो.

प्रोग्राम न थांबवता मॅपिंग बदलायचं असेल तर त्याचीही सोय आहे. मेटाडेटा सोर्स नावाचा इंटरफेस आपण स्वतः लिहू शकतो. मग मॅपिंग डेटाबेसमधून येवो की दुसऱ्या सर्व्हरवरून, मॉक्सीला फरक पडत नाही. आणि कॉन्टेक्स्टला रिफ्रेश सांगितलं की तो स्रोताकडून मॅपिंग पुन्हा मागून घेतो. ऐकायला मोहक आहे. मी मात्र हा रस्ता शेवटचा ठेवीन. रिफ्रेशमध्ये नवं मॅपिंग सदोष निघालं तर चालू व्यवहारांच्या मध्येच ते कळतं. त्यापेक्षा नव्या फाईलवरून बाजूला दुसरा कॉन्टेक्स्ट बनवावा, त्याच्यावर वरची परीक्षा घ्यावी, आणि तो पास झाला की मगच जुन्याच्या जागी नव्याचा संदर्भ ठेवावा. नापास झाला तर जुना आहेच. आणि मॅपिंग नेटवर्कवरून येणार असेल तर ते कोण बदलू शकतो हेही पाहावं. कुठलं फील्ड बाहेर जाणार आणि कुठलं नाही हे ही फाईल ठरवते, त्यामुळे तिच्यावर लिहिण्याचा अधिकार म्हणजे सोर्सवर लिहिण्याचाच अधिकार. तिची जागा सोर्सबरोबर आवृत्ती-नियंत्रणात, तिच्यातला बदलही दुसऱ्या कोणीतरी तपासलेला असावा.

जुन्या फाईलचं काय करायचं हा प्रश्न राहतो. संदेशाचं रूप बदललं म्हणून पूर्वीचे दस्तऐवज बदलत नाहीत. साठवणीत पडलेले संदेश लेखापरीक्षणाच्या वेळी, कधी वादाच्या वेळी, परत वाचावे लागतात. म्हणून जुनी मॅपिंग फाईल पुसून तिच्यावर नवी लिहिण्याऐवजी दोन्ही ठेवाव्यात, दोघींचे कॉन्टेक्स्ट सुरुवातीलाच बनवावेत, आणि दस्तऐवजाच्या नेमस्पेसवरून कोणता वापरायचा ते ठरवावं. आयएसओ २००२२ च्या संदेशांत हे सोपं जातं, कारण आवृत्तीचा क्रमांक नेमस्पेसच्या शेवटीच लिहिलेला असतो.